ज्ञानबाजी : एक खेळ, अनेक पाठ

(सुवर्णमहोत्सवानिमित्त पांढरकवडा येथे दिलेल्या भाषणाचा लेखी पाठ)

 

उन्हाळ्याच्या सुट्टीत घराघरांतून सापशिडीचा पट निघतो. एका बाजूस शंभर घरांची सापशिडी, दुसऱ्या बाजूस लुडो, सोबत चार रंगांच्या सोंगट्या आणि एक फासा, असा हा पुठ्ठा कोणत्याही जनरल स्टोअर्समध्ये मिळतो. त्याच्या दोन्ही बाजू मूळच्या भारतीय आहेत, याची कल्पना मात्र फार थोड्यांना असते. लुडो हे आपल्या पचिसीचे इंग्रजी रूप. १८९६ साली इंग्लंडमध्ये त्याचे पेटंट घेण्यात आले. सापशिडीची नोंदणी त्याआधी, १८९२ साली, लंडनचे खेळणी-उत्पादक फ्रेडरिक हेन्री एअर्स यांनी केली. ज्या भारतीय खेळावरून ती बेतली गेली त्याला राजस्थानात ज्ञानचौपड, गुजरातेत ज्ञानबाजी आणि महाराष्ट्रात मोक्षपट अशी नावे आहेत. या खेळाच्या जडणघडणीत जैन समाजाचा वाटा मोठा आहे. म्हणूनच त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या गोळा करणे, त्यांची नोंद ठेवणे आणि त्या वाचणे हा विषय सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने समाजापुढे मांडणे उचित ठरते.

पटाचे स्वरूप

ज्ञानबाजीचा पट कापडावर किंवा जाड कागदावर रंगविलेला असे. त्यावर चौकोनी घरे आखलेली असत. प्रत्येक घरात क्रमांक आणि त्याखाली एखाद्या अवस्थेचे, गुणाचे, दोषाचे अथवा लोकाचे नाव लिहिलेले असे. क्रमांक तळाशी सुरू होतात. एक ओळ डावीकडून उजवीकडे आणि तिच्या वरची उजवीकडून डावीकडे, अशी नांगरटीसारखी चाल वर चढत जाते. सद्गुणाच्या घरातून शिडी वर नेते, दुर्गुणाच्या घरातील साप खाली आणतो. कवड्यांचे जे दान पडेल तितकी घरे सोंगटी पुढे सरकते.

जैन पटांत सामान्यतः चौऱ्यांशी घरे आढळतात. हा आकडा ऐकताच चौऱ्यांशी लक्ष जीवयोनींचे स्मरण व्हावे, हे श्रावकाच्या दृष्टीने स्वाभाविकच आहे. खालच्या भागात नरकादी दुर्गती, वर देवलोकांची मालिका आणि शिखरावर सिद्धशिला, अशी त्याची मांडणी असते. वर आणि बाजूंना जोडलेल्या जादा घरांमुळे संपूर्ण आकृती कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या लोकपुरुषाची आठवण करून देते. चौदा रज्जू उंचीचा जो लोक शास्त्रांत वर्णिला आहे, त्याचीच एक लहान प्रतिमा अंथरून खेळाडू तिच्या भोवती बसतात.

खेळताना सोंगटी ज्या घरात थांबेल त्या घराचे नाव मोठ्याने वाचले तर खेळाचा सारा रंग पालटतो. मुलाने 'मान' हे नाव वाचले आणि सोंगटी खाली घसरली की तो सहजच विचारतो, "मान म्हणजे काय ?" शेजारी बसलेल्या आजीला उत्तर द्यावे लागते. या प्रश्नोत्तरासाठी पटावर अक्षरे हवीत. शंभर कोऱ्या घरांच्या पुठ्ठ्यावर साप का चावला याचे कारणच लिहिलेले नसते, मग विचारायचे काय ? इंग्लंडमधील आरंभीच्या पटांवर सद्गुण-दुर्गुणांची चित्रे होती. कालांतराने तीही गेली आणि उरला तो केवळ फाशाचा खेळ. हाच उरलेला खेळ परत भारतात आला आणि आपल्या घरांत रूढ झाला.

एक खेळ, अनेक पाठ

हा खेळ एका संप्रदायाचा नव्हता. वैष्णवांचा पट बहुधा बहात्तर घरांचा असतो. त्याच्या प्रचलित पाठात अडुसष्टावे घर वैकुंठाचे आहे आणि चौपन्नाव्या 'भक्ती'च्या घरातून शिडी थेट तेथे पोहोचते. त्याच पाठात बावन्नावे घर 'हिंसा' हे असून तेथील साप पस्तिसाव्या, नरकाच्या घरात आणून सोडतो. वैकुंठ ओलांडून दान जास्त पडले तर खेळाडू बहात्तराव्या 'तमोगुणा'त जातो आणि तेथून साप त्याला एक्कावन्नाव्या, पृथ्वीच्या घरात उतरवतो. सूफी परंपरेत शंभर घरांचा 'शतरंज-उल-आरिफीन' आहे. तामिळनाडूत वैकुंठ एकादशीच्या रात्री 'परमपद सोपान पटम्' मांडला जातो. तिबेटी बौद्ध परंपरेतही भूमी आणि मार्ग यांवरून चढत जाण्याचा असा एक खेळ आहे. त्याचे श्रेय तेराव्या शतकातील साक्य पंडित यांना दिले जाते.

महाराष्ट्रात मोक्षपटाचे जनकत्व परंपरा संत ज्ञानेश्वरांकडे देते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ग्रंथपाल वा. ल. मंजूळ यांनी मराठी मोक्षपटाच्या हस्तलिखितांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. या परंपरेविषयी आदर बाळगूनही एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आज उपलब्ध असलेले जुने पट बहुतांशी अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील आहेत. खेळ त्याहून पुरातन असणे शक्य आहे. परंतु तो प्रथम कोणी रचला हे ठरविण्याइतका पुरावा कोणत्याही संप्रदायाच्या हाती नाही. 'हा खेळ आमचाच' असा वाद घालण्यापेक्षा आपल्या पटावर काय लिहिले आहे ते काळजीपूर्वक वाचणे अधिक फलदायी आहे.

दोन पट शेजारी ठेवले की संग्रहाचे मोल कळते. हस्तलिखित पोथीत जसे पाठभेद असतात तसेच ते पटातही असतात. एका पटावर जे घर शिडीचे, ते दुसऱ्यावर साधे असते. एका लेखकाने दोषाचे नाव प्राकृतात लिहिले, दुसऱ्याने ते बोलीत उतरविले. कोठे साप लांब, कोठे आखूड. हा फरक कधी लेखकाच्या नजरचुकीचा असतो, तर कधी विचारपूर्वक केलेला असतो. कोणत्या दोषाने माणूस किती खाली येतो, हा त्या काळच्या एखाद्या यतीने किंवा श्रावकाने केलेला निर्णय असतो. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा बाराशेहून अधिक हस्तलिखिते विचारात घेतली गेली. एकाच प्रतीवर विसंबले असते तर त्या प्रतीतील चूकच परंपरा ठरली असती. खेळाच्या पटालाही हाच न्याय लागू आहे.

चढण, घसरण आणि गुणस्थाने

जैन पटावरील चढउतार समजून घेण्यास चौदा गुणस्थानांचा विचार फार उपयोगी पडतो. प्रत्येक पटावर ही चौदा नावे क्रमाने असतीलच असे नाही. परंतु जीव वर कसा चढतो आणि का घसरतो याचे जैन दर्शनातील सर्वांत सूक्ष्म विवेचन तेथेच आहे.

मिथ्यात्व हे पहिले गुणस्थान. तेथून जीव दुसऱ्यावर पाऊल ठेवून वर जात नाही. सम्यग्दर्शन प्राप्त होताच तो एकदम चौथ्या, अविरत सम्यग्दृष्टी गुणस्थानावर पोहोचू शकतो. दुसरे, सासादन, लागते ते खाली येताना; सम्यक्त्वाची चव जिभेवर उरलेली असते, पण पतन सुरू झालेले असते. पुढे श्रेणी चढणाऱ्या साधकाला दोन वाटा आहेत. जो मोहनीय कर्म केवळ दाबून टाकतो, तो दहाव्यावरून अकराव्या उपशांतमोह गुणस्थानावर जातो. तेथे शांतता आहे, मात्र दबलेला मोह पुन्हा उसळतो आणि जीव निश्चितपणे खाली येतो. ही घसरण कधी पहिल्या गुणस्थानापर्यंतही पोहोचते. जो मोहाचा क्षय करतो, तो अकराव्याला स्पर्शही न करता दहाव्यावरून बाराव्या क्षीणमोहावर जातो. तेथून पतन नाही. पुढे सयोगी केवली, अयोगी केवली आणि सिद्धपद.

शिडी आणि साप या दोहोंची कल्पना शास्त्रात अशी आधीपासूनच आहे. सर्वांत धोक्याचा साप तळाशी नसून शिखराच्या अगदी जवळ आहे, हे अकराव्या गुणस्थानाचे मर्म आहे. आपल्या हाती आलेल्या पटावर वरच्या दोन-तीन ओळींत साप आहे काय, आणि असल्यास कोणत्या घरात, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे. तेवढ्या एका खुणेवरून पट रचणाऱ्याला सिद्धांत किती नेमका ठाऊक होता याचा अंदाज येऊ लागतो.

या संदर्भात विदर्भाने अभिमान बाळगावा अशी एक घटना आहे. षट्खंडागमावरील आचार्य वीरसेनांची धवला टीका शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्री येथे ताडपत्रांवर जपलेली होती. तिचा पहिला मुद्रित भाग डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ साली अमरावतीहून प्रसिद्ध झाला आणि पुढील सुमारे वीस वर्षांत सोळा भाग पूर्ण झाले. त्या पहिल्या भागाचा विषय सत्प्ररूपणा, म्हणजेच गुणस्थानांचे आणि मार्गणांचे विवेचन. यवतमाळच्या शेजारच्या जिल्ह्यातून चौदा पायऱ्यांचे हे शास्त्र अभ्यासकांच्या हाती पोहोचले. त्याच पायऱ्यांची चित्रे असलेले पट याच प्रदेशात पेटीच्या तळाशी दुर्लक्षित पडून असतील, तर ती विसंगती दूर करणे समाजाच्या हाती आहे.

द्यूताचा आक्षेप

येथे एक आक्षेप उपस्थित होतो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. सप्तव्यसनांत पहिले नाव द्यूताचे आहे. मग दान टाकून खेळावयाच्या खेळाला जैन घरात स्थान कसे ? त्याच्या पटांचा संग्रह करणे म्हणजे व्यसनाचे कौतुक करणे नव्हे काय ?

याचे उत्तर दोन अंगांनी देता येते. द्यूताचा दोष पण लावण्यात, हरलेल्याच्या हानीवर जिंकलेल्याने आनंद मानण्यात आणि त्यातून वाढणाऱ्या लोभात आहे. ज्ञानबाजीत पण नसतो. पश्चिम भारतातील जैन समाजात पर्युषणाच्या दिवसांत, उपवासाच्या वेळी मन धर्मविचारात गुंतून राहावे म्हणून हा पट मांडला जाई, असे अभ्यासक नोंदवितात. दुसरे अंग अधिक खोल आहे. बुद्धिबळात खेळाडू आपली चाल निवडतो. ज्ञानबाजीत निवड नाही, दान पडेल तसे जावे लागते. त्यामुळे हा खेळ दैववादी आहे, असे वरवर वाटते. कर्मसिद्धांताच्या प्रकाशात पाहिले तर दान म्हणजे उदयास आलेले पूर्वकर्म. ते टाळता येत नाही. पुरुषार्थ आहे तो त्या घरात थांबल्यावर काय समजून घेतले यात. पटावरील सोंगटी काहीच शिकत नाही, तिला हलविणारा शिकू शकतो.

तरीही ज्यांना कवड्यांविषयी संकोच वाटतो, त्यांनी चिंचोके मधोमध फोडून त्यांच्या फोडी वापराव्यात. पट मांडण्याआधी 'यात पैसा लावावयाचा नाही' हा नियम मुलांना सांगावा. आक्षेप गंभीर आहे म्हणूनच नियमही स्पष्ट असावा.

संग्राहकांची परंपरा

वस्तू जमविणे आणि परिग्रह वाढविणे यांत फरक आहे. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, म्हणजेच कवी अज्ञातवासी, यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या नावाने वस्तुसंग्रहालय उभे केले. दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये यांच्या जोडीने सोंगट्या, पचिसीचे पट आणि गंजिफा यांनाही त्यांनी स्थान दिले आणि १९७५ साली हा सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. लोकांनी टाकाऊ मानलेल्या घरगुती वस्तूंतून समाजाचा इतिहास वाचता येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

या खेळाच्या बाबतीत अनेक पट भारताबाहेर गेले आणि तेथेच त्यांचा अभ्यास झाला. पेशवाईच्या अस्तानंतर पुण्याचे कलेक्टर असलेले हेन्री डंडास रॉबर्टसन यांनी १८३१ साली एक पट लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीला दिला. तो शास्त्र्यांचा स्वर्ग-नरकाचा खेळ म्हणून ओळखला गेला. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाचे अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनी १९८५ आणि २००६ साली या पटांवर विस्तृत लेख लिहिले. डेन्मार्कच्या कोपनहेगन विद्यापीठात याकोब श्मिट-मॅडसेन यांनी २०१९ साली पश्चिम भारतातील ज्ञानाच्या खेळावर प्रबंध सादर केला. परदेशी अभ्यासकांनी दूरदूरच्या संग्रहांतून एकेक पट शोधून तुलना केली. ज्या घरांत हे पट पिढ्यान्‌पिढ्या होते, त्या घरांनी निदान त्यांची नोंद तरी ठेवावयास हवी.

विदर्भातील घरांत काय असू शकेल ?

विदर्भातील जैन समाज अनेक वाटांनी एकत्र आला आहे. कापसाच्या आणि धान्याच्या व्यापारानिमित्त राजस्थान व गुजरातेतून आलेली कुटुंबे आहेत. सैतवाळ, बघेरवाल यांसारखे येथे दीर्घकाळ स्थिरावलेले समाज आहेत. कारंजा (लाड) येथील भांडारांतील हस्तलिखितांनी अपभ्रंश साहित्याच्या अभ्यासाला दिशा दिली. भद्रावती आणि शिरपूर येथील पार्श्वनाथ तीर्थे दोन्ही परंपरांच्या इतिहासाशी जोडलेली आहेत. अशा प्रदेशात मारवाडी, गुजराती, हिंदी आणि मराठी या चारही भाषांतील पट आढळण्याची शक्यता आहे. पांढरकवड्यासारख्या बाजारपेठेच्या गावी लग्न होऊन आलेल्या एखाद्या सुनेच्या पेटीतूनही असा पट आलेला असू शकतो.

सापडलेला कापडी पट ज्ञानबाजीचाच आहे हे कसे ओळखावे ? जैनांत अढाईद्वीपाचे, तीर्थांचे आणि लोकपुरुषाचेही पट असतात. क्रमांकित घरे, साप आणि शिड्या ही ज्ञानबाजीची खूण. ती ओळख पटल्यावर पुढील गोष्टी एका वहीत लिहाव्यात : लांबी-रुंदी, कापड की कागद, हस्तलिखित की छापील, घरांची संख्या, भाषा आणि लिपी, साप किती व शिड्या किती, कोणत्या घरातून कोणत्या घरात, आरंभाचे आणि अखेरचे घर, तो घरात कोणाकडून आला. छापील प्रत असल्यास मुद्रणालय, प्रकाशक आणि दात्याचे नावही उतरवून घ्यावे. छापील पट कमी मोलाचे समजू नयेत. स्वस्त कागदावरील छापील प्रतीच सर्वांत आधी रद्दीत जातात.

तिथीविषयी विशेष सावधगिरी हवी. मारवाडी व गुजराती लेखक विक्रम संवत लिहितात, मराठी लेखक बहुधा शक लिहितात. इसवी सन काढताना विक्रम संवतातून सत्तावन वजा करावे लागतात, शकात अठ्ठ्याहत्तर मिळवावे लागतात आणि वीर निर्वाण संवतातून पाचशे सत्तावीस वजा करावे लागतात. पटावर नुसता '१८८०' हा आकडा असेल, तर तो विक्रमाचा असल्यास साल १८२३ आणि शकाचा असल्यास १९५८ ! एका शब्दाच्या अभावी पट एकशे पस्तीस वर्षांनी तरुण किंवा वृद्ध ठरतो. म्हणून जे लिहिले आहे ते जसेच्या तसे उतरवावे; गणित नंतर करावे.

जपणुकीचे नियम साधे आहेत. पट लॅमिनेट करू नये, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, पाण्याने पुसू नये. घड्या घातल्या की घडीवरच रंग तुटतो; म्हणून स्वच्छ सुती कापड लावून नळीवर सैलसर गुंडाळावा. ओल आणि थेट ऊन दोन्ही टाळावे.

विक्रीचा मोह हा सर्वांत मोठा धोका आहे. शोभेच्या वस्तूंचा व्यापारी घरी येतो, जुना पट पाहतो, काही हजार रुपये पुढे करतो आणि तो पट काचेच्या चौकटीत बसून कोठेतरी भिंतीवर लागतो. तेथे त्याची घरे कोणी वाचत नाही. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये शंभर वर्षांहून जुन्या चित्रकृती आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी मौल्यवान हस्तलिखिते पुरावस्तू ठरतात. खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठविता येत नाहीत. कायदा त्याचे काम करील. परंतु पट घराबाहेर जाण्यापूर्वी निदान त्याचे छायाचित्र तरी राहिले पाहिजे.

पट कोठे असावेत ?

सर्व पट एका ठिकाणी, मंदिराच्या किंवा न्यासाच्या कपाटात आणून ठेवावेत, असे काहींना वाटेल. हेतू चांगला असला तरी त्यात अडचणी आहेत. दिलेला पट पुन्हा पाहावयास मिळेल काय, अशी शंका कुटुंबाला येते आणि मग पट असल्याचेही सांगितले जात नाही. शिवाय आग, ओल किंवा वाळवी एका कपाटाला लागली तर सारेच जाते. पट घरोघरीच राहावेत आणि त्यांची नोंदवही व छायाचित्रे मात्र एकत्र असावीत, हा मार्ग अधिक सुरक्षित. ज्यांच्या घरी पुढे सांभाळणारे कोणी नाही, त्यांनी लेखी अटींवर पट न्यासाकडे सोपवावा. शासनाने २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केले आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात ज्ञानभारतम् मिशनची घोषणा केली. हस्तलिखितांच्या अशा सर्वेक्षणांत आपल्या नोंदी जोडता येतील.

यासाठी वेगळा दिवस शोधण्याची गरज नाही. श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुक्ल पंचमी ही ज्ञानपंचमी, तर दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुक्ल पंचमी ही श्रुतपंचमी. दोन्ही दिवशी ग्रंथांचे पूजन होते, त्यांच्यावरील धूळ झटकली जाते. त्या दिवशी पोथ्यांबरोबर पटही बाहेर यावेत. जाणत्या ज्येष्ठांनी घरांची नावे वाचावीत, तरुणांनी ती उतरवून घ्यावीत आणि छायाचित्रे काढावीत. मूळ पटावर खेळू नये. त्याची प्रत छापून तीवर मुलांना खेळू द्यावे. पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या न्यासाने अशी एक नोंदवही सुरू केली, तर शताब्दीच्या वेळी पुढील पिढीच्या हाती तिची भरलेली पाने असतील.

जुनी मारवाडी किंवा जुनी गुजराती अक्षरे ओळखणारी पिढी आता वार्धक्यात आहे. कागद आणखी काही दशके टिकेल, पण त्यावरील अक्षर वाचून दाखविणारे माणूस तितके थांबणार नाही. म्हणून पहिले काम संग्रहाचे नसून वाचनाचे आहे, आणि ते येत्या पंचमीलाच आरंभिता येण्यासारखे आहे.

जय जिनेंद्र !